पावणेदोन मीटरांचे अंतर

‘टेलिफोटो’ या शब्दाला मराठीत सुटसुटीत प्रतिशब्द रुळलेला नाही. दुर्बिणीचे तसे झाले नाही. दूरचे पाहणारी ती दुर्बीण; हा मूळचा फारसी शब्द आपल्या भाषेने केव्हाच आपलासा केला. सेमिनरीत असताना नव्या कराराच्या अभ्यासासाठी आम्हांला थोडीफार ग्रीक शिकवीत असत. त्या तुटपुंज्या शिदोरीवर सांगायचे तर ‘टेले’ म्हणजे दूर आणि ‘फोस’ म्हणजे प्रकाश. दूरचा प्रकाश टिपणारे भिंग, असा या नावाचा अर्थ लावता येईल. नाव मोठे मोहक आहे. असे भिंग विकत घेणारा प्रत्येक जण ‘हे दूरचे जवळ आणते’ याच समजुतीने पैसे मोजत असतो. ही समजूत कितपत खरी आहे, हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला पडला. कारण माझ्या जुन्या कॅमेऱ्यासाठी असे एक भिंग मला निवडायचे होते.

कॅमेरा आहे निकॉन एफएम २. गुरुदीक्षेनंतर, १९९८ साली, आखातात नोकरीला असलेल्या थोरल्या बंधूंनी तो मला भेट दिला. संपूर्ण यांत्रिक कॅमेरा. त्यातील दोन चिमुकल्या बॅटऱ्या केवळ उजेड मोजण्याच्या यंत्रणेसाठी. त्या संपल्या तरी शटर आपले काम चोख करते. त्याच्यासोबत आलेले ५० मिलिमीटरचे भिंग इतकी वर्षे मला पुरले. आजच्या काळात फिल्मचा हट्ट कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. ३६ चित्रांचा रोल हातात असला की माणूस बटण दाबण्यापूर्वी पाहायला शिकतो, आणि कपाटात ठेवलेली निगेटिव्ह उजेडात धरली की कोणत्याही परवलीच्या शब्दावाचून दिसते, एवढे मला पुरेसे आहे.

शिवाय या फिल्मशी आम्हां पाळकीय मंडळींचे एक जुने नाते आहे. अमेरिकेतील नेवार्क शहरात हॅनिबल गुडविन नावाचे एपिस्कोपल पंथाचे धर्मोपदेशक होते. मुलांना बायबलमधील प्रसंग चित्रांच्या साहाय्याने दाखवावेत अशी त्यांची इच्छा. त्या काळी छायाचित्रे काचेच्या जड, फुटक्या पट्ट्यांवर काढीत. काचेला पर्याय शोधता शोधता त्यांनी पारदर्शक, लवचीक फिल्म तयार केली आणि १८८७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ते पेटंट मिळायला १८९८ साल उजाडले, आणि १९०० मध्ये गुडविन वारले. पुढे त्या पेटंटवरून मोठा खटला झाला आणि त्यांच्या हक्काला न्याय मिळाला; तो पाहायला ते मात्र नव्हते. रोल कॅमेऱ्यात भरताना मला या गृहस्थांची अधूनमधून आठवण होते.

आता भिंग कशासाठी हवे होते ते सांगतो. आमच्याकडे, वसईच्या किनारपट्टीवर, कोणाचे निधन झाले की घरची माणसे प्रथम चर्चमध्ये येतात. फलकावर आणि स्मरणपत्रिकेवर छापण्यासाठी छायाचित्र हवे असते. ते बहुधा नातवाच्या लग्नातील घोळक्यातून कापून काढलेले असते. शेजारच्याचा खांदा त्यात तसाच उरलेला असतो. नाहीतर आधार कार्डावरचे इवलेसे चित्र मोठे करून आणलेले असते. ऐंशी वर्षे शेतात राबलेली, बाजारात भाजीच्या पाट्या वाहिलेली, लाल लुगड्यातील एखादी आजी. तिचा निरोप घेताना आपल्यासमोर असतो तो एका सरकारी यंत्राने पाच सेकंदांत टिपलेला भेदरलेला चेहरा. हे माझ्या मनाला लागून राहिले होते. आमच्या धर्मग्रामातील ऐंशीच्या पुढच्या सर्वांची, ती आपल्यात आहेत तोवर, एकेक चांगली कृष्णधवल छबी काढावी असे मी ठरविले.

५० मिलिमीटरचे भिंग या कामाला गैरसोयीचे ठरते. त्याचे कारण साध्या त्रैराशिकात आहे. फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. डोके आणि खांदे मिळून सुमारे ६० सेंटिमीटरचा भाग उभ्या चौकटीत बसवायचा, तर ५० मिलिमीटरच्या भिंगाने ८३ सेंटिमीटरइतके जवळ जावे लागते. हात पसरला तर समोरच्याच्या गालाला लागेल इतके हे अंतर. एवढ्या जवळून पाहिले की नाक मोठे आणि कान लहान दिसू लागतात. आणि ज्याच्या तोंडावर एवढे मोठे यंत्र रोखले आहे, त्यातही रोखणारे ‘फादर’ आहेत, तो माणूस पुतळ्यासारखा ताठ होतो.

आमच्या युवक संघटनेतील एक मुलगा हौशी पक्षी-छायाचित्रकार आहे. मिठागरांत उतरणाऱ्या शेकाट्यांची आणि बगळ्यांची सुरेख चित्रे तो काढतो. त्याने लगेच तोडगा सुचविला : “फादर, दोनशेचे भिंग घ्या. नाहीतर तीनशेचे. लांब कुठेतरी उभे राहून काढायचे, त्यांना पत्तासुद्धा लागणार नाही. चेहरे एकदम नैसर्गिक येतील.” सल्ला व्यवहार्य होता. घाईने घ्यावा की न घ्यावा हे ठरविण्याआधी मी भिंगाचे शास्त्र नीट समजून घ्यायचे ठरविले.

भिंगावर लिहिलेला ५०, १०५, २०० हा आकडा म्हणजे त्याचे नाभीय अंतर. हा आकडा जसजसा वाढतो तसतसा भिंगाच्या दृष्टीचा कोन आकुंचित होतो. ५० चे भिंग कर्णाच्या मापाने सुमारे ४६ अंशांचा कोन पाहते, १०५ चे २३ अंशांचा, १३५ चे १८ अंशांचा, २०० चे १२ अंशांचा आणि ३०० चे जेमतेम ८ अंशांचा. जगाचा लहानसा तुकडा तेवढ्याच चौकटीत भरला जातो, म्हणून तो मोठा दिसतो. साध्या रचनेत अशा भिंगाची नळी फार लांब करावी लागेल. त्यावर उपाय म्हणून पुढे प्रकाश एकवटणारी बहिर्वक्र भिंगे आणि मागे त्याला किंचित पांगविणारी अंतर्वक्र भिंगे बसवितात. त्यामुळे नळी आखूड राहते. काटेकोरपणे याच रचनेला टेलिफोटो म्हणायचे, परंतु व्यवहारात कोणत्याही लांब भिंगाला ते नाव मिळाले आहे. १८९१ च्या सुमारास लंडनचे डॉलमायर, बर्लिनचे मीटे आणि म्युनिकचे श्टाइनहाइल या तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही रचना छायाचित्रणासाठी सिद्ध केली. तिचे मूळ मात्र जुने आहे. १६०९ मध्ये गॅलिलिओने आकाशाकडे रोखलेल्या दुर्बिणीतही पुढे बहिर्वक्र आणि डोळ्यापाशी अंतर्वक्र भिंग होते.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. लांब भिंगाने काढलेल्या मिरवणुकीच्या चित्रात माणसे एकमेकांना चिकटून उभी असल्यासारखी दिसतात. मागचा डोंगर घरांच्या पाठीशी येऊन ठेपतो. लोक म्हणतात, भिंगाने अंतर दाबले. वस्तुतः भिंगाने काहीच दाबलेले नसते. त्याच जागेवरून ५० च्या भिंगाने चित्र काढा आणि त्याचा मधला तुकडा मोठा करा. दाणे उठतील, तपशील पुसट होईल, पण माणसांची दाटी आणि डोंगराची जवळीक तीच असेल. वस्तूंचे परस्परांशी दिसणारे प्रमाण ठरते ते केवळ छायाचित्रकार कोठे उभा आहे यावरून. भिंग फक्त चौकट ठरविते. दूर उभे राहून काढलेले चित्र कितीही मोठे केले तरी ते दुरून पाहिलेलेच राहते.

हे उमगल्यावर माझा प्रश्न बदलला. कोणते भिंग घ्यावे, हे विचारण्याआधी मी किती अंतरावर उभा राहणार आहे, हे ठरवायला हवे होते. कागद घेऊन मी पुन्हा त्रैराशिक मांडले. डोके-खांद्यांची तीच ६० सेंटिमीटरची चौकट भरायची, तर १०५ च्या भिंगाला सुमारे पावणेदोन मीटर अंतर लागते. १३५ ला सव्वादोन मीटर. २०० ला सव्वातीन मीटरांहून थोडे अधिक. आणि ३०० ला पुरते पाच मीटर. हे आकडे घेऊन मी आमच्या पडवीत पट्टीने खुणा केल्या. पावणेदोन मीटर म्हणजे ओटीवर समोरासमोर दोन खुर्च्या टाकून बसलेली माणसे. बोलणे सहज ऐकू येते, चहाचा कप पुढे करता येतो. सव्वादोन मीटरांवरही संवाद चालतो. साडेतीन मीटरांवर आवाज चढवावा लागतो. पाच मीटर म्हणजे गल्लीच्या पलीकडचे अंगण. तेथून हाक मारतात, बोलत नाहीत.

दुसरा विचार उजेडाचा. भिंगावर नाभीय अंतराशेजारी आणखी एक आकडा असतो : एफ २.५, एफ ४ असा. नाभीय अंतराला भिंगाच्या मुखाच्या परिणामी व्यासाने भागले की तो मिळतो. म्हणून आकडा जितका लहान तितके मुख मोठे आणि उजेड अधिक. एफ ४ पेक्षा एफ २.८ दुप्पट उजेड आत घेते. २०० चे एफ ४ भिंग ५० मिलिमीटर व्यासाच्या मुखाने भागते. तेच एफ २.८ करायचे तर ७१ मिलिमीटर लागतात आणि ३०० च्या एफ २.८ भिंगाला १०७ मिलिमीटर. काच वाढली की वजन वाढते आणि वजनासोबत किंमत. त्यात भर म्हणजे हाताचा कंप. भिंग जितके लांब तितका तो कंप चित्रात अधिक मोठा दिसतो. जुना ठोकताळा असा की, शटरचा वेग निदान नाभीय अंतराच्या आकड्याइतका असावा : २०० च्या भिंगाला सेकंदाचा अडीचशेवा भाग, १०५ च्या भिंगाला सव्वाशेवा भाग. म्हणजे १०५ चे एफ २.५ भिंग हातात धरून जेथे काम भागते, तेथे २०० च्या एफ ४ भिंगाला जवळपास पाचपट उजेड हवा. आमच्या वृद्धांची घरे जुनी, कौलारू. आतल्या खोलीत दारातून येईल तेवढाच उजेड. ४०० आयएसओची फिल्म घातली तरी २०० चे भिंग तिपाईवाचून तेथे चालणार नव्हते, आणि तिपाई मांडली की ओटीचा स्टुडिओ होतो.

मोठ्या मुखाची एक अट मात्र सांगितली पाहिजे. पावणेदोन मीटरांवर, एफ २.५ वर, स्पष्टतेची खोली जेमतेम चार सेंटिमीटर असते. डोळे स्पष्ट आले तर कान धूसर होतात. म्हणून जवळच्या डोळ्यावर नेम धरावा, हा या कामाचा पहिला नियम. कॅमेऱ्याच्या दर्शकातील दुभंगलेली प्रतिमा जुळवून तो धरता येतो. तीही सोय उजळ भिंगांपुरतीच. एफ ५.६ च्या पलीकडील मंद भिंग लावले की त्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडू लागतो. म्हणूनच ५०० मिलिमीटरचे एफ ८ चे आरसाभिंग, किंवा भिंगामागे बसवून नाभीय अंतर दुप्पट करणारा आणि उजेड चौथाई करणारा जोड, हे स्वस्त मार्ग अशा कॅमेऱ्यावर कष्टाचे होतात.

यानंतर बाजार. नवी भिंगे माझ्या कॅमेऱ्यावर बसतात का, तर त्याच खोबणीची असतील तर बसतात. निकॉनने १९५९ सालापासून आपल्या एसएलआर कॅमेऱ्यांच्या भिंगांची मूळ खोबण कायम ठेवली. पण बसणे वेगळे आणि चालणे वेगळे. ‘जी’ अक्षराच्या भिंगांना छिद्र नियंत्रित करणारे कडेच नसते. एफएम २ वर लावली की ती सर्वांत लहान छिद्रावर अडकून राहतात. उलट बाजूने, १९७७ पूर्वीची, ‘एआय’ पद्धतीत न बदललेली भिंगे या कॅमेऱ्यावर बसवूच नयेत. कड्याभोवतीची नाजूक पट्टी दुखावते. तेव्हा १९७७ नंतरचे, कडे असलेले, हाताने नेम धरायचे जुने भिंग, एवढाच शहाणा पर्याय उरला. इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनाही आपापली अशी पथ्ये आहेत. कॅननने १९८७ मध्ये खोबण समूळ बदलली, त्यामुळे तिची नवी भिंगे तिच्याच जुन्या कॅमेऱ्यांवर बसत नाहीत. घेण्यापूर्वी भिंगाबरोबर आपला कॅमेराही नेलेला बरा.

मुंबईच्या कोट भागात बोरा बाजार नावाचा रस्ता आहे. कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी आणि दुरुस्तीसाठी त्याची ख्याती आहे. तेथे दोन शनिवार घालविले. जुने भिंग पाहताना माझ्याजवळ एक लहान विजेरी असते. छिद्र पूर्ण उघडून मागून प्रकाश टाकावा आणि पुढून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कोकणपट्टीच्या दमट हवेत भिंगांचा हा मोठा शत्रू; ती काचेवरील लेप खाते आणि साफ केल्यावरही कधी कधी तिचा व्रण उरतो. त्यानंतर छिद्राची पाती पाहावीत. त्यांवर तेल उतरले असेल तर ती चपळपणे मिटत नाहीत. नेमाचे कडे अखेरपर्यंत फिरवून पाहावे. ते कोठे अडते, कोठे सैल पडते हे बोटांना कळते. पुढच्या काचेवरील बारीक ओरखड्याने चित्र सहसा बिघडत नाही, पण आतल्या धुरकट थराने बिघडते. घरी आणल्यावर भिंग चामडी पिशवीत ठेवू नये. चामडे ओल धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी यांत ते पावसाळा सुखरूप काढते.

अखेरचा निर्णय मात्र दुकानात झाला नाही. एका स्नेह्याने आपले २०० चे भिंग मला आठवडाभर वापरायला दिले होते. जेमतेम अर्ध्या किलोचे, सुबक. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर बसून गप्पा मारणाऱ्या वृद्धांची काही चित्रे मी लांबून काढली. आमच्या युवकाचे म्हणणे खरे ठरले; चेहरे अगदी नैसर्गिक आले. कोणी हसत होते, कोणी ऐकत होते, एक आजोबा आपल्याच विचारांत हरवलेले. चित्रे चांगली होती. परंतु त्यांतील एकही नजर कोणाकडे पाहत नव्हती. आईचे चित्र घरात लावणाऱ्या मुलीला आईची नजर हवी असते. आणि ती नजर मिळायची तर कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे आईने पाहिले पाहिजे. त्याच दिवशी एका मावशींनी मला हेरले. हात उंचावून त्यांनी विचारले, “फादर, एवढ्या लांबून काय काढता? घरी या, चहा घ्या, मग काढा.”

मी १०५ चे एफ २.५ भिंग घेतले. वजन ४३५ ग्रॅम. एक मीटरपर्यंत जवळचा नेम धरता येतो. पक्ष्यांना त्याचा काही उपयोग नाही. वीस मीटरांवर उभा असलेला शेकाट्या ३०० च्या भिंगानेही फिल्मवर जेमतेम पाच मिलिमीटर उंचीचा उमटतो, तेथे १०५ ने काय होणार? पाखरांना आपली जवळीक नको असते, आणि लांब भिंग ही त्यांच्याशी वागण्याची सभ्य रीत आहे. मैदानावरील खेळ, गर्दीतील मिरवणूक यांनाही तेच योग्य. त्या मुलाचा सल्ला त्याच्या विषयापुरता शंभर टक्के बरोबर होता.

याच १०५ च्या भिंगाची एक सुप्रसिद्ध कथा आहे. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराने एका अफगाण मुलीचे चित्र काढले. कॅमेरा निकॉन एफएम २, भिंग १०५ चे एफ २.५, फिल्म कोडाक्रोम. जून १९८५ मध्ये ते ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आले आणि ते हिरवे डोळे जगाच्या स्मरणात राहिले. २००२ मध्ये त्या स्त्रीचा, शरबत गुला यांचा, पुन्हा शोध लागला, तेव्हा कळले की आपले ते चित्र त्यांनी कधीच पाहिलेले नव्हते. सतरा वर्षे अवघे जग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, एक त्या सोडून.

हा प्रसंग मी मनाशी धरून ठेवला आहे. योग्य भिंग आणि योग्य अंतर यांनी उत्तम चित्र मिळते. ज्याचे ते चित्र, त्याच्याशी असलेले देणे तेवढ्याने फिटत नाही. म्हणून मी दोन नेम केले. परवानगीवाचून चित्र काढायचे नाही. आणि पहिली प्रत नेहमी त्या व्यक्तीच्या हाती, तीही स्वतः जाऊन द्यायची. यामुळे काम फार हळू चालते. एका रोलमध्ये चार-पाच घरे होतात. पहिल्या भेटीत तर कॅमेरा पिशवीबाहेरही येत नाही. कोणाला मुलाची काळजी सांगायची असते, कोणाला गुडघ्याचे दुखणे, कोणाला १९६० सालच्या केळीच्या बागा. बोलण्याच्या ओघात माणूस कॅमेरा विसरतो, पण समोरच्याला विसरत नाही. त्या क्षणी त्याच्या डोळ्यांत जे उमटते ते पावणेदोन मीटरांवरून सहज टिपता येते.

पत्र पाठवून किंवा भेटून काही स्नेही विचारतात, “फादर, आम्ही कोणते भिंग घ्यावे?” मी त्यांना आकडा सांगत नाही. मीटरची एक पट्टी घ्या, असे सांगतो. ज्याचे चित्र काढायचे आहे त्याच्यापासून तुम्ही कोठे उभे राहू इच्छिता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो तुम्हांला कोठे उभे राहू देईल, ते मोजा. खोलीतील उजेड पाहा. मग भागाकार करा. भिंगाचा आकडा आपोआप हाती येईल.

गेल्या पावसाळ्यात चहाला बोलावणाऱ्या त्या मावशी गेल्या. त्यांच्या मुलीला चर्चमध्ये छायाचित्र आणावे लागले नाही. ते घरात भिंतीवर होतेच. त्यात मावशी समोर पाहत आहेत, ओठ किंचित उघडे. बहुधा साखर किती घालू, असे विचारीत असाव्यात.